रिमोटचे विमान उडवण्याआधी झडपांची दिशा का तपासतात?

डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झाप गावी कोरोना लसीचे 300 डोस ड्रोनने सुमारे नऊ मिनिटांत पोहोचले. अशा ड्रोनचा तोल त्यातला संगणक सांभाळतो. छंदासाठी उडवल्या जाणाऱ्या साध्या मॉडेल विमानात तो नसतो. सगळा भार चालवणाऱ्याच्या बोटांवर. त्यामुळे रेडिओची जुळणी जमिनीवरच नीट व्हायला हवी.

आधी प्रोपेलर काढून ठेवावा. मग हातातला ट्रान्समीटर सुरू करावा आणि त्यानंतरच विमानाची बॅटरी जोडावी. आता विमानाच्या मागे उभे राहून एलरॉनची स्टिक उजवीकडे न्यावी. उजव्या पंखाची झडप वर आणि डाव्याची खाली गेली पाहिजे. वर गेलेली झडप त्या पंखाची उचल कमी करते, म्हणून विमान त्या बाजूला कलते. एलिव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली की शेपटीची आडवी झडप वर यावी. उलटे दिसले तर ट्रान्समीटरमधला ‘रिव्हर्स’ पर्याय बदलावा. उलटे एलरॉन सर्वांत घातक: सावरायला जावे तसे विमान आणखी कलते, आणि उड्डाण घेताना जमीन काही फुटांवरच असते.

राहिले फेलसेफ. मोटर हळू फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून पाहावा. मोटर थांबलीच पाहिजे. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींना डोंगर आडवा आला की त्या अडतात. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या डोंगराळ भागात विमान टेकडीआड गेले तर संपर्क तुटू शकतो. तेव्हा निदान मोटर बंद झालेली असावी, कारण ते कुणाच्या अंगणात पडेल हे सांगता येत नाही.