चालू संकेतस्थळावरील मजकुराची दुरुस्ती

जावा भाषेत रचलेल्या बहुभाषी संकेतस्थळावर दिसणारी वाक्ये बहुधा मूळ आज्ञावलीत लिहीत नाहीत. प्रत्येक भाषेची वाक्ये स्वतंत्र फाइलीत ठेवतात. मराठीच्या फाइलीच्या नावात ‘एम’ व ‘आर’ या रोमन अक्षरांची खूण असते. योग्य फाइल शोधून वाचण्याचे काम ‘रिसोर्सबंडल’ नावाचा वर्ग करतो.

समजा, शुल्क भरण्याच्या सूचनेत ‘१५ तारखेपूर्वी’ याऐवजी ‘१५ तारखेनंतर’ असे छापले गेले. फाइल सुधारली तरी पडद्यावर जुनेच वाक्य राहते, कारण एकदा वाचलेला संच हा वर्ग स्मृतीत साठवितो आणि वेगळी सूचना नसल्यास पुन्हा तपासत नाही. सर्व्हर बंद करून सुरू केल्यास नवे वाक्य येते खरे. परंतु कोणी अर्धा अर्ज भरून बसला असेल आणि त्याची माहिती केवळ सर्व्हरच्या स्मृतीत असेल, तर ती पुसली जाते. एका शब्दासाठी ही किंमत फार झाली.

२००६ साली आलेल्या जावा ६ मध्ये यावर दोन उपाय मिळाले. ‘क्लिअरकॅश’ ही आज्ञा साठा रिकामा करते. दुसरा उपाय ‘कंट्रोल’ या वर्गाचा. त्यात साठ्याची मुदत ठरविता येते. मुदत संपल्यावर पुढील मागणीच्या वेळी फाइल बदलली आहे काय हे पाहून, बदलली असल्यासच ती नव्याने वाचली जाते. मात्र जावा ९ पासूनच्या नामांकित मॉड्यूलांत ‘कंट्रोल’ चालत नाही.

या उपायांनीही एक अडचण सुटत नाही, आणि पुष्कळांची फसगत तेथेच होते. आधी मिळविलेला संच आज्ञावलीने स्वतःजवळ धरून ठेवला असेल, तर साठा कितीही वेळा रिकामा केला तरी त्या संचातील वाक्य बदलत नाही. म्हणून प्रत्येक मागणीच्या वेळी संच नव्याने मागावा. तसेच नवी फाइल दुसऱ्या नावाने पूर्ण लिहून मगच जुनीच्या जागी आणावी; नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल वाचली जाण्याचा संभव असतो.

देवनागरीची अडचण आणखी निराळी होती. जावा ८ पर्यंत या फाइली लॅटिन लिपीच्या संकेतांत वाचल्या जात, त्यामुळे प्रत्येक देवनागरी चिन्हासाठी सहा रोमन चिन्हांचा संकेत लिहावा लागे. मुद्रितशोधकाला तो वाचणे अशक्यच! २०१७ सालच्या जावा ९ पासून यूटीएफ-८ हाच मूळ संकेत झाल्याने मराठी जाणणारा माणूस ही फाइल सरळ वाचून सुधारू शकतो.