आधी नॉब, मग चकती!

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ एडिटरने सांभाळून घ्यावे. सुट्टीनंतर आबांचा म्हणजे आजोबांचा झोर्की-४ कॅमेरा होस्टेलवर आणला, तेव्हापासून रूमवर रांग लागलीय. म्हणून सगळ्यांना एकदाच लिहून सांगते.

आबा भिलाई स्टील प्लँटमध्ये होते. प्लँट सोव्हिएत मदतीने उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली धमनभट्टी सुरू झाली. तिथल्या एका रशियन इंजिनियरने मायदेशी परतताना हा कॅमेरा आबांना दिला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ पर्यंत हे मॉडेल बनत होतं. 'झोर्की' म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. मूळ घराणं जर्मन लायकाच्या कॉपीचं (आपल्या जर्नल्ससारखं!), पण पुढे रशियनांनी बरंच स्वतःचं घातलं. झोर्कीवर लायकाचं नाव कोरून कलेक्टर लोकांना टोप्या घालणारेही आहेत. तेव्हा "विकतेस का?" विचारणाऱ्यांनी आधी नाव नीट वाचावं.

आता फोकस. समोर दोन खिडक्या, जेमतेम चार सेंटिमीटर अंतरावर. मोठीतून आपण बघतो, छोटीतून आलेली दुसरी प्रतिमा मधल्या ठिपक्यात पडते. फोकस नसेल तर माणसाला दोन नाकं दिसतात! लेन्सची रिंग फिरवली की लेन्स आतला दांडा ढकलते आणि दुसरी प्रतिमा सरकते. दोन नाकांचं एक झालं की फोटो काढा. सिव्हिलवाल्यांना सर्व्हेचा त्रिकोण आठवेल, तेच हे.

आता खरी गोम. उजवीकडचा नॉब फिरवला की फिल्म पुढे जाते आणि शटर चढतं. स्पीडची चकती त्याच्यानंतरच उचलून फिरवायची. कारण ती आतल्या शटरबरोबर फिरते. शटर चढवलेलं नसेल तर तिची खूण भलत्याच जागी असते, आणि जबरदस्ती केली तर आतलं काम बिघडू शकतं. आबांनी हे शंभरदा सांगितलं होतं. तरी रूममेटसमोर शायनिंग मारताना मी नेमकं उलटं केलं. कट्ट! चकती अडकली.

आबांना फोन करायला मला तीन दिवस लागले. ओरडतील वाटलं होतं.

"कुठल्या आकड्यावर अडकलीय?"

"साठावर, आबा."

"शटर पडतंय ना? मग १०० ची फिल्म घाल, भर उन्हात काढ, ॲपर्चर बावीसवर ठेव. आणि अगं, आता कोणाला हात लावू देऊ नकोस. तूही लावू नकोस."

रोलमध्ये सहा फोटो उरलेत. मेसच्या मावशी म्हणतात, रविवारी नवी साडी नेसून येते. त्यांना दुपारी बाराला बोलावलंय, गच्चीवर.