डायलिसिस, पाणी आणि माणसाची आठवण



मूत्रपिंडे निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते, हे आता गावोगावी ठाऊक झाले आहे. परंतु अशा रुग्णाला विसर पडू लागला, साधा हिशेब जमेना, की घरची माणसे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." ते तसे सोडून देऊ नये.

याचा पहिला धडा पाण्याने शिकवला. १९७२ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. आल्फ्रे व सहकाऱ्यांनी दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. बोलताना जीभ अडखळे, हातपायांना झटके येत, बुद्धी मंदावे आणि पुढे रुग्ण दगावे. १९७६ साली त्यांनी दाखवले की अशा रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम साठलेले होते.

ते आले कोठून? पाणी गढूळ असले की आपण तुरटी फिरवतो. तुरटीत ॲल्युमिनियम असते, आणि शहराच्या पाण्यातला गाळही तशाच क्षारांनी बसवतात. ते पाणी निरोगी माणसाने प्याले तर बिघडत नाही. आतडी फार थोडे आत घेतात, तेवढे मूत्रपिंड बाहेर टाकते. डायलिसिसचे गणित वेगळे. एका वेळेला सुमारे १२० लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रक्ताशेजारून वाहते, आणि आत शिरलेले बाहेर टाकायला मूत्रपिंड नसते. शिवाय ॲल्युमिनियमची औषधेही तेव्हा दिली जात. पुढे पाणी आरओ यंत्राने शुद्ध होऊ लागले व हा आजार दुर्मीळ झाला. तरीही १९९६ साली क्युरासाओ बेटावर सिमेंटचा थर दिलेल्या नव्या नळाच्या पाण्याने १० रुग्ण गेले.

आज विसर पडण्याची कारणे बहुधा दुसरी असतात. रक्तदाब व मधुमेहाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. रक्त कमी असते. यंत्रावर असताना रक्तदाब एकदम उतरला तर मेंदूला रक्त कमी पोचते.

मग घरच्यांनी काय करावे?

१) गोळ्यांची यादी कागदावर लिहून ठेवा. औषधे घरातल्या एकाने द्यावीत.

२) डायलिसिस चालू असताना किंवा संपल्या संपल्या महत्त्वाचे सांगू नका आणि कर्जाच्या, जामिनाच्या वा जमिनीच्या कागदावर सही घेऊ नका. त्या वेळी डोके पुरते चालत नाही. दुसऱ्या दिवशी सावकाश वाचून दाखवा.

३) पोटातल्या जळजळीसाठी दुकानातून परस्पर औषध आणू नका. काहींत ॲल्युमिनियम असते.

४) दोन डायलिसिसमध्ये पाण्याचे पथ्य पाळा, पाळी चुकवू नका.

५) विसर हळूहळू वाढत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. एकाएकी बरळणे, तोंड वाकडे होणे, झटका येणे असे झाले तर मात्र तासभरही थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

माणूस यंत्रावर असला तरी घरचा कर्ता आहे. तो विसरला म्हणून त्याच्यावर ओरडू नका, त्याला विचारण्याचेही सोडू नका.