बोटांखालचीं बिनतारी अक्षरें

नव्या मुंबईंत महापे येथें हेलन केलर इन्स्टिट्यूट या संस्थेचें एक केंद्र आहे. बहिऱ्या मुलांच्या, तसेंच बहिरेपणा व अंधत्व हीं दोन्ही ज्यांच्या वांट्यास आलीं आहेत अशा मुलांच्या शिक्षणासाठीं ही संस्था १९७७ सालीं मुंबईंत बेरोज वाच्छा यांनीं स्थापन केली. डोळे नसलेल्याला कान असतात आणि कान नसलेल्याला डोळे असतात, असें म्हणून आपण सहज समाधान मानतों. पण दोन्ही द्वारें बंद असलीं तर जगाची वार्ता आंत येण्यास उरतें तें एक त्वगिंद्रिय. तेवढ्या एका द्वारानें मनुष्य विद्यावान् होऊं शकतो, हें जिच्या नांवानें ही संस्था चालते त्या हेलन केलरबाईंनीं (१८८०-१९६८) जगास दाखवून दिलें. आज घरोघरीं झालेला स्मार्टफोन अशा मनुष्याच्या काय उपयोगाचा? त्याच्या सपाट कांचेवर बोटास लागेल असें कांहींच नाहीं. आणि फोन बोलूं लागला तरी तें ऐकावयाचें कोणी? या प्रश्नाचें उत्तर म्हणजे फोनशीं तारेवांचून जोडली जाणारी ब्रेलपट्टी. बाजारांत तिला ब्रेल डिस्प्ले म्हणतात. तिचा परिचय वाचकांस करून द्यावा हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम लिपीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. लुई ब्रेल हा १८०९ सालीं पॅरिसजवळील कूप्व्हे गांवीं जन्मला. त्याचा बाप घोड्यांचें सामान करणारा. बापाच्या कारखान्यांत खेळतांना तीन वर्षांच्या लुईच्या डोळ्यास आरी लागली व पुढें दोन्ही डोळे गेले. वयाच्या पंधराव्या वर्षीं, १८२४ च्या सुमारास, त्यानें उठावाच्या सहा ठिपक्यांची लिपि बसविली. ठिपक्यांच्या उभ्या ओळी दोन. डावीकडे १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. कोणता ठिपका उठलेला व कोणता सपाट, यावरून त्रेसष्ट चिन्हें तयार होतात.

१९५१ सालीं आपल्या देशांतील भाषांसाठीं भारती ब्रेल ही समान पद्धति ठरली. तींत 'क' हें अक्षर मराठींत असो, बंगालींत असो वा तामिळींत असो, एकाच चिन्हानें लिहितात. संस्कृत शिकलेल्यांस कौतुक वाटावें अशी तिची आणखी एक गोष्ट आहे. काना, वेलांटी, उकार यांचीं निराळीं रूपें तींत नाहींत. व्यंजनापुढें तो तो स्वरच लिहावयाचा. 'राम' म्हणजे र, आ, म. जोडाक्षरांत पाय मोडलेल्या व्यंजनाच्या आधीं हलन्ताचें चिन्ह म्हणून एकटा चौथा ठिपका येतो. त्यामुळें 'विद्या' हा शब्द व, इ, हलन्त, द, य, आ अशा सहा कोठ्यांत बसतो. क्ष आणि ज्ञ यांस मात्र स्वतंत्र चिन्हें दिलेलीं आहेत.

कागदावर ही लिपि फार जागा घेते. कागद जाड लागतो, अक्षर मोठें लागतें, आणि छापील एका ग्रंथाचे ब्रेलमध्यें अनेक खंड होतात. ब्रेलपट्टींत कागदच नाहीं. तिच्या पृष्ठभागावर चौदा, वीस किंवा चाळीस कोठे एका ओळींत मांडलेले असतात. बहुतेक यंत्रांत प्रत्येक कोठ्यांत आठ बारीक खुंट्या असतात. वरच्या सहा अक्षरासाठीं, आणि खालच्या दोन मुख्यतः आपण मजकुरांत कोठें आहों हें दाखविण्यासाठीं. फोनवर जी ओळ आली असेल तिच्या अक्षरांप्रमाणें खुंट्या वर येतात. वाचणारा बोट फिरवून ती ओळ वाचतो व बटण दाबतो. खुंट्या खालीं जातात आणि पुढची ओळ उमटते. खुंटी वर येण्याचें अंतर एका मिलिमीटरहूनहि कमी असतें. वीज दिली असतां किंचित् वांकणाऱ्या स्फटिकाच्या पट्टीनें ती उचलली जाते. वीस कोठ्यांच्या यंत्रांत अशा १६० खुंट्या, आणि प्रत्येकीस आपापली पट्टी. या यंत्राच्या महागाईचें मोठें कारण हेंच होय. चाळीस कोठ्यांच्या परदेशी यंत्राची किंमत लाख रुपयांच्या पुढें जाते. मुंबईच्या इनोव्हिजन या कंपनीनें स्फटिकाऐवजीं चुंबकीय युक्ति योजून 'ब्रेलमी' नांवाचें वीस कोठ्यांचें यंत्र बनविलें, तें परदेशी यंत्रांच्या मानानें पुष्कळ स्वस्त आहे.

आतां जोडणीचा विधि. पट्टी व फोन यांचें संभाषण ब्ल्यूटूथ नामक बिनतारी पद्धतीनें चालतें. दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचें हें टोपणनांव. तिचा पल्ला साधारणपणें एका खोलीपुरता असतो. म्हणून फोन खिशांत वा पिशवींत ठेवून पट्टी मांडीवर घेतां येते. आयफोनमध्यें ब्रेलपट्टी जोडण्याची सोय २०१० पासून आहे. त्यांत सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग व्हॉइसओव्हर, मग ब्रेल या क्रमानें जावें. पट्टी चालू असली कीं तिचें नांव तेथें दिसतें, त्यावर बोट ठेवावें. ब्ल्यूटूथच्या सर्वसाधारण यादींतून जोडण्याची खटपट करूं नये. जोडणी येथूनच करावी. अ‍ॅंड्रॉइड फोनमध्यें पूर्वीं यासाठीं निराळें अ‍ॅप घ्यावें लागे. २०२२ पासून टॉकबॅक या वाचकांतच ती व्यवस्था झाली. तेथें टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्यें ब्रेल डिस्प्ले हें कलम उघडावें. टॅब्लेटचीहि रीत हीच.

जोडणी झाल्यावर लिपि निवडावी. इंग्रजी ब्रेल तशीच राहूं दिली तर मराठी मजकूर नीट वाचतां येणार नाहीं. यादींत मराठीचें नांव नसेल तर हिंदीचें घ्यावें. भारती ब्रेलमुळें देवनागरीचीं अक्षरें तींच आहेत. पट्टी सांपडत नसेल तर बहुधा ती घरांतल्या दुसऱ्या एखाद्या फोनशीं आधींच जोडलेली असते. त्या फोनचें ब्ल्यूटूथ बंद करून पुन्हां पाहावें. ही पहिली जोडणी करतांना डोळस माणसाचें साह्य पुष्कळदां लागतें. पुढें मात्र दोन्ही यंत्रें चालू केलीं कीं तीं सामान्यतः आपली ओळख आपण पटवून घेतात.

कोणी विचारतील कीं, ज्यास ऐकूं येतें अशा अंध मनुष्यास एवढा खर्च कशाला? फोन त्यास सर्व वाचून दाखवितोच. ज्याचा जन्म शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यांत गेला त्यास हा प्रश्न सोडून देतां येत नाहीं. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे दोरा. आपल्या रोजच्या उच्चारांत हे भेद बहुधा राहत नाहींत, मग यंत्राच्या आवाजांत ते कोठून कळणार? बोटास मात्र ते तत्काळ कळतात. इ म्हणजे ठिपके २ व ४, ई म्हणजे ३ व ५. येथें संशयास जागाच नाहीं. केवळ ऐकून वाढलेलें मूल बहुश्रुत होईल, पण शब्द कसा लिहावा, विराम कोठें द्यावा, हें त्यास हातानें कधीं समजणार नाहीं. ऐकणें व वाचणें या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि अंध मुलास त्यांपैकीं एकच देऊन पुरे म्हणणें न्यायाचें नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या इंटरनेटवरील ग्रंथालयामुळें अशा वाचकास पुस्तकें फोनवर मिळूं लागलीं आहेत. तीं आतां बोटांखालीं आणतां येतात.

ज्यास ऐकूंहि येत नाहीं त्याची गोष्ट याहून मोठी. अनेक पट्ट्यांवर ब्रेल लिहिण्याच्या कळाहि असतात. समोरचा मनुष्य फोनवर लिहितो, तें याच्या बोटांखालीं उमटतें. हा कळा दाबून उत्तर देतो, तें समोरच्यास कांचेवर दिसतें. समोरच्यास ब्रेल येण्याची आवश्यकता नाहीं. ज्याच्याशीं बोलावयास तळहातावर खुणा करणारीं दोन-चार माणसेंच होतीं, त्याच्याशीं आतां परगांवचा भाऊहि बोलूं शकतो.

शेवटीं एकत्र कुटुंबांतील वाचकांस एक सांगणें आहे. आपल्या घरांत अंध काका असले वा काकू असल्या तर त्यांचें पत्र वाचून दाखविण्यास चार माणसें तत्पर असतात, आणि हें आपणांस भूषणच वाटतें. पण माहेरचें पत्र, डॉक्टरांचा अहवाल, बँकेचा निरोप हीं सर्व ज्यास दुसऱ्याच्या मुखानेंच कळतात, त्यास स्वतःचें असें कांहींच उरत नाहीं. मोठ्यानें बोलणारा फोनहि तीच गोष्ट माजघरभर करतो. ब्रेलपट्टी निःशब्द असते. फोनचा आवाज बंद ठेवतां येतो आणि त्याचा पडदाहि काळा करून ठेवतां येतो. म्हणून घरांतील तरुण मंडळींनीं जोडणी करून द्यावी, लिपि निवडून द्यावी, चार दिवस जवळ बसावें, आणि मग उठून जावें. काकूंना आलेलें पत्र प्रथम काकूंनींच वाचावें, आणि त्यांतलें काय घरांत सांगावयाचें तें त्यांनींच ठरवावें.