दुखणं पायाला, औषध पोटाला?

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. विषय: ब्रॉयलर कोंबडीचे पाय. हसू नका, यात पैसा अडकलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात मी पैठण रोडला मामांच्या शेडवर गेलो होतो. मी कोड लिहिणारा माणूस, कोंबडी मला ताटातच माहिती. मामांनी एक पक्षी उचलला आणि तळवा दाखवला. मधोमध काळपट खपली. "असा पक्षी बसूनच राहतो रे. खाद्यापर्यंत जाईना तर वजन कुठून येणार?" मामांचं काम कराराचं. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची, शेड आणि मेहनत मामांची, पैसे किलोवर. चाळीसेक दिवसांत पक्षी दोन किलोच्या पुढे जायलाच हवा.

आणि या पायासाठी मामांच्या हातात काय, तर प्रोबायोटिकची पुडी! म्हणजे पोटातल्या चांगल्या जिवाणूंची. मी म्हटलं, "मामा, पाय दुखतोय आणि औषध पोटाला?"

नंतर वाचलं तेव्हा कळलं, आमच्यासारखंच आहे हे. एरर एका स्क्रीनवर दिसते, बग भलत्याच फाइलमध्ये असतो.

पक्षी दिवसरात्र साळीच्या तुसावर उभा असतो. आतडं बिघडलं की विष्ठा पातळ होते आणि तूस ओलं राहतं. कोंबडीची लघवी वेगळी नसते, विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ओल्या तुसातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरतात ना, तोच. ओलीने तळव्याची कातडी मऊ पडते, अमोनिया तिला भाजतो, मग जखम. बॅसिलस किंवा लॅक्टोबॅसिलस आतड्यात टिकले तर पचन सुधारतं, विष्ठा घट्ट येते, तूस कोरडं राहायला मदत होते.

दुसरा रस्ता मला जास्त भारी वाटला. आतड्याचं अस्तर कमकुवत झालं की जिवाणू रक्तात उतरतात आणि झपाट्याने वाढणाऱ्या पायाच्या हाडांत, बारीक भेगांमध्ये जाऊन बसतात. हाड आतून सडतं, पक्षी लंगडतो. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन यांनी पक्षी मुद्दाम तारेच्या जाळीवर वाढवून हा लंगडेपणा घडवून आणला. २०१२ साली त्यांच्या गटाने छापलं की आधीपासून प्रोबायोटिक दिलेल्या पक्ष्यांत तो कमी दिसला. आधीपासून, हं. लंगडायला लागल्यावर पुडी फोडून काय होणार?

मामांचा घोळ मात्र वेगळाच निघाला. टाकीत ते ब्लीचिंग पावडर टाकत होते आणि त्याच पाण्यात ही पुडी. क्लोरीनचं कामच जिवाणू मारायचं, ते चांगला-वाईट बघत नाही! बॅसिलस बीजाणूंच्या रूपात असतो, तो बराच चिवट. लॅक्टोबॅसिलस बिचारा लगेच मरतो. शिवाय दोन निपल ड्रिंकर ठिबकत होते. त्याखालचं तूस चिखल झालं होतं, तिथे कुठलीही पुडी चालणार नाही. वॉशर बदलले, ओलं तूस काढलं, उरलेलं रोज खालीवर करायला लागले. पावसाळ्यात पडदे सतत बंद ठेवणंही सोडलं, नाहीतर ओल बाहेर जाणार कुठून?

परवा फोन आला. नवी बॅच अकराव्या दिवशी आहे. पुडी आता बिनक्लोरीनच्या पाण्यात, पहिल्या दिवसापासून. "दहा-बारा पक्षी उलटे करून बघितले. तळवे साफ आहेत. तू एकविसाव्या दिवशी ये, तेव्हा खरं कळेल."