बाटलीचें बूच आणि अयस्कान्त

उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं पंचवीस-तीस माणसें जमतात. लेकी, सुना, नातवंडें, मुंबई-नागपूरकडील मंडळी अशीं सर्व एकत्र आलीं म्हणजे सायंकाळीं कोकम-सोड्याची फर्माईश ठरलेली, आणि सोड्याच्या बाटल्यांची पेटी मागील दारीं येऊन पडते. त्या बाटल्या उघडण्याचा मान आमचे वडील बंधु, दादा, यांजकडे परंपरेनें चालत आलेला आहे. दाराच्या कोयंड्यांत बाटलीचें तोंड अडकवून ते एका झटक्यासरशी बूच उडवीत आणि मुलें टाळ्या पिटीत. कोयंडा ढिला झाला, चौकट खरवडली गेली, क्वचित् बाटलीच्या कांठाचा टवकाही उडाला. परंतु त्याचें कोणास कांहीं वाटलें नाहीं. गेल्या वैशाखांत मात्र असेंच उडालेलें एक बूच अंगणांत पडून राहिलें व धाकट्या नातीच्या अनवाणी पायांत रुतलें. धनुर्वाताची लस टोंचून पोरीला घरीं आणली, त्याच रात्रीं आम्हीं मनाशीं निश्चय केला कीं, बूच निघेल व जागच्या जागीं धरूनही राहील असें कांहीं साधन आपल्या हातानें करावयाचें.

हें दातेरी पत्र्याचें बूच अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील विल्यम पेंटर यांचें. त्याचें पेटंट १८९२ सालचें. तत्पूर्वीं सोड्यासाठीं गोटीची बाटली होती, ती इंग्लंडांतील हायरम कॉड यांची, १८७२ ची. गोटीला ओपनर नको, अंगठ्याचा जोर किंवा लांकडी ठोकळा पुरे. पेंटर यांच्या बुचास प्रथम चोवीस दांते असत, आतां एकवीस असतात. हातांतला ओपनर ही तरफ असते व बाटली स्थिर राहते. भिंतीवरील ओपनरांत हा न्याय उलटा होतो: ओपनर स्थिर आणि बाटली हीच तरफ. बुचाचा माथा वरच्या ओठास टेकतो, कड खालच्या दांतावर अडकते, आणि बाटली खालीं दाबली कीं कड वांकून बूच सुटतें. बाटलीची लांबी उपयोगीं पडत असल्यानें दहा वर्षांच्या मुलासही तें साधतें.

लोहचुंबकास संस्कृतांत अयस्कान्त म्हणतात, म्हणजे लोखंडाचा प्रियकर. कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गांत ब्रह्मदेव देवांना सांगतात तें हेंच, कीं अयस्कान्त लोखंडाला ओढतो तसें उमेच्या योगें शंकराचें मन ओढा. शाळेंत हा श्लोक शिकवितांना आम्हीं मुलांपुढें लोहचुंबक व टांचण्या ठेवीत असूं. हल्लींचा निओडिमियमचा चुंबक मात्र त्या वेळच्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या चुंबकाहून किती तरी जोरदार. तो १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जपान व अमेरिका येथें निरनिराळ्या शोधकांच्या हातून सिद्ध झाला. त्यांत निओडिमियम, लोखंड व बोरॉन असतात. बूच पोलादी पत्र्याचें असल्यामुळें त्यास चिकटतें. ॲल्युमिनियमचें झांकण चिकटणार नाहीं.

आम्हीं सागवानाची सोळा इंच लांब, पांच इंच रुंद व पाऊण इंच जाड अशी फळी घेऊन रंधा मारला. बिडाचा ओपनर बाजारांतून आणला. चुंबक फळीच्या पाठीकडून आंत बसवावयाचे, म्हणजे दर्शनी बाजूस कांहींच दिसत नाहीं व बूच जणूं लांकडालाच चिकटल्यासारखें वाटतें. त्यासाठीं पाठीकडून गोल खांच पाडून समोर सुतारांच्या मापानें एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांकूड राखावें. याहून जाड राहिल्यास ओढ फार मंदावते. येथेंच आमची पहिली फळी फुकट गेली! खांच पाडणाऱ्या गिरमिटाच्या मध्यावर एक अणकुची असते, ती खांचेच्याही पुढें जाते हें ध्यानांत न राहिल्यानें दर्शनी बाजूस भोंक पडलें. दुसऱ्या खेपेस खांच थोडी उणी ठेवून उरलेलें लांकूड पटाशीनें खरवडून काढलें.

चुंबक नक्की कोठें बसवावा, हें अंदाजानें ठरवूं नये. ओपनर फळीवर आधीं बसवून चार बाटल्या उघडाव्या, बूच कोठून घसरतें तें पाहावें व तेथें खडूची खूण करावी. आमच्या फळीवर ती जागा ओपनरच्या खालीं चार बोटांवर आली. तेथें रुपयाएवढे तीन चुंबक आम्हीं एपॉक्सीनें चिकटविले. परंतु डिंक सुकण्यापूर्वींच एक चुंबक उडी मारून शेजाऱ्यास जाऊन भिडला. तेव्हां पोळ्यांचा लोखंडी तवा घेऊन त्यावर फळी पालथी ठेवली. तव्याच्या ओढीनें तिन्ही चुंबक खांचेच्या तळाशीं बसून राहिले. त्या रात्रीं पोळ्यांऐवजीं भात झाला, त्याचा उच्चार अद्यापि होतो.

उरलेले चुंबक कुलुपांत ठेवावे. लहान मुलानें असे दोन चुंबक गिळले तर आंतड्याच्या दोन वळ्यांतून ते एकमेकांस ओढतात आणि आंतड्यास भोंक पडण्याची भीति असते.

फळी आम्हीं मोठ्या अभिमानानें माजघराच्या खांबावर, छातीच्या उंचीवर लावली. दादा पहिली बाटली उघडावयास पुढें झाले, तोंच वहिनींनीं विचारलें, “भावोजी, ह्यांच्या छातींतल्या यंत्राला हें लोहचुंबक चालेल ना?” दोन वर्षांपूर्वीं दादांच्या छातींत पेसमेकर बसविला आहे, हें आम्हांस माहीत नव्हतें असें नाहीं, सुचलें मात्र नाहीं. यंत्राबरोबर आलेलें पुस्तक काढलें. त्यांत चुंबक सहा इंचांहून जवळ आणूं नये असें छापलेलें. दादा हंसून म्हणाले, “म्हणजे माझें काम तूं काढून घेतलेंस तर!” त्या हंसण्यानें आम्हांस रात्रभर झोंप आली नाहीं.

सकाळीं डॉक्टरांना विचारून फळी मागील पडवींतल्या खांबावर हलविली. मातीच्या भिंतींत स्क्रू धरत नाहींत, म्हणून येथेंही खांबच निवडला, आणि तो तडकूं नये म्हणून स्क्रूंपूर्वीं बारीक भोंकें पाडलीं. आतां ओपनर कमरेइतका व चुंबक मांडीइतका खालीं आहे. बाटली दाबतांना छाती हातभर दूर राहते. अळशीच्या तेलाचे दोन हात दिले. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकूं नयेत, त्या आपोआप पेट घेतात, पसरून वाळवाव्या.

त्या सायंकाळीं दादांनीं अकरा बाटल्या उघडल्या. अकराही बुचें फळीवर घोंसासारखीं लटकलीं. धाकट्या नातीनें त्यांतलें एक ओढून काढलें आणि पायरीवर बसून त्याचे दांते मोजूं लागली.