मेंदूतली उष्टी कोण काढतं?

लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. उष्टी काढणाऱ्याकडे कुणाचेच नसते. पण तो घटकाभर दिसेनासा झाला की दुसरी पंगत ताटकळते आणि यजमानाचा आवाज चढतो. मेंदूतही असेच एक खाते आहे, हे मला गेल्या वर्षी आमच्या दादाच्या आजारपणात कळले. मी मराठीचा प्राध्यापक. शास्त्राची आणि माझी फारकत दहावीतच झालेली. त्यामुळे पुढचे सारे मला समजावले ते दादाच्याच मुलाने. तो डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"काका, मेंदूतल्या दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात," तो म्हणाला. "मध्ये बारीक फट असते. एकीने रसायन सोडायचे, दुसरीने झेलायचे. निरोप पोचला!"

पेशीला चेतवणारे बहुतेक निरोप ग्लूटामेट नावाचे रसायन पोचवते. अजिनोमोटोत असते तेच हे! मात्र निरोप सांगून झाला की निरोप्याने तिथून हलले पाहिजे; नाही तर पलीकडची पेशी उगाचच चेतत राहणार. ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या एका निरोप्याचे तिथल्या तिथे तुकडे होतात. ग्लूटामेटसाठी त्या फटीत तशी सोय नाही. ते उचलूनच न्यावे लागते, आणि हे काम मुख्यतः तारकापेशी करतात.

या तारकापेशी ज्या कुळातल्या, त्याला १८५६ साली रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्याने 'न्यूरोग्लिया' म्हटले. म्हणजे चेतापेशींना धरून ठेवणारा गोंद. एकदा गोंद म्हटल्यावर त्याच्याकडे कोण बघतो? नाव ठेवताना झालेला अन्याय किती टिकतो, हे भाषेच्या माणसाला निराळे सांगायला नको.

या गोंदाचे काम मात्र पाहण्यासारखे आहे. तारकापेशीच्या बारीक फांद्या त्या फटीला बिलगून असतात. फांद्यांवर वाहक प्रथिने असतात. ती ग्लूटामेटचा एकेक कण सोडियमच्या तीन कणांबरोबर आत ओढतात. आत त्याचे ग्लूटामाइन होते. ते निरुपद्रवी. मग ते चेतापेशीकडे परत जाते आणि तिथे त्याचे पुन्हा ग्लूटामेट बनते. ताट घासून परत वाढायला! यातला मुख्य वाहक नसलेले उंदीर जपानी शास्त्रज्ञांनी तयार केले होते. १९९७ साली त्यांनी लिहिले, की त्या उंदरांना फेफरे येऊन ते मरत.

ही उचलाउचल फुकट होत नाही. आत आलेले सोडियम बाहेर उपसावे लागते, त्याला शक्ती लागते, आणि ती रक्तातून येते. रक्तवाहिनी तुंबली की उपसा थांबतो. मग वाहक उलटे चालू लागतात आणि उचललेले ग्लूटामेट पुन्हा फटीत ओततात. शेजारच्या पेशी चेतून चेतून मरतात.

इथे पुतण्या थांबला. मलाही पुढे विचारवेना.

त्या रात्री जेवताना दादाच्या उजव्या हातातली वाटी कलंडली होती. आमटी मागायची तर तो "छत्री दे" म्हणाला. आम्ही हसलो. मीच म्हणालो, "दादा, पित्त झालंय तुला. पडून राहा, सकाळी बरं वाटेल." गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आम्ही रुग्णालयात पोचलो ते सकाळी सात वाजता.

"ग्लूटामेटलाच अडवणारं औषध नाही का रे?" मी विचारले.

"करून पाहिलं, काका. प्राण्यांत चाललं, माणसांत, १९९०च्या दशकातल्या चाचण्यांत, फसलं. रक्त लवकर सुरू करणं, एवढंच हातात असतं."

आता दादा चालतो. शब्द मात्र शोधावे लागतात. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी बजावले आहे, की त्याचा शब्द तुम्ही पुरवू नका, थांबा. जन्मभर शब्द पुरवण्याचाच पगार घेणाऱ्याला हे किती जड जाते! काल फराळाच्या ताटाकडे बोट दाखवून तो कितीतरी वेळ "ते... ते..." करीत होता. मी ओठ घट्ट मिटून बसलो. शेवटी "चकली" म्हणाला.